अंगठ्याच्या मुळाचा सांधा जखडण्याची शस्त्रक्रिया : दीर्घकालीन यशाच्या मोजमापाची चिकित्सा

सारांश :

अंगठ्याच्या मुळाशी असणाऱ्या सांध्याची झीज हा मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये आढळणारा आजार आहे. औषधे, आधारपट्टा, व्यायाम व इंजेक्शन यांनी वेदना आटोक्यात येत नसल्यास शस्त्रक्रियेचे जे पर्याय उरतात, त्यांपैकी एक म्हणजे हा सांधा कायमचा जखडून टाकणे. या शस्त्रक्रियेच्या दीर्घकालीन परिणामांविषयी परदेशात झालेल्या काही प्रमुख अभ्यासांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. वेदना, हाडांचे जुळून येणे आणि चिमटीचा जोर या तीन निकषांवर ही शस्त्रक्रिया बऱ्याच अंशी यशस्वी ठरते. मात्र तळहात सपाट टेकण्याची क्षमता कमी होते, ही नोंद अभ्यासांत असूनही यशाच्या अंतिम हिशेबात तिला जागा मिळत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ज्या समाजात तळहात सपाट टेकणे हा रोजच्या श्रमाचा भाग आहे, तेथे हे निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत.

बीजशब्द : अंगठा, सांध्याची झीज, सांधा जखडणे, प्रश्नावली, स्त्रियांचे श्रम, दीर्घकालीन पाठपुरावा.

प्रस्तावना :

मानवी हाताच्या सामर्थ्यात अंगठ्याचे स्थान अनन्यसाधारण आहे. चार बोटे एका दिशेने मिटतात. अंगठा मात्र त्यांच्या समोर येऊन उभा राहतो आणि म्हणूनच पकड शक्य होते. मराठी भाषेने हाताच्या या निरनिराळ्या आकारांना मापांची नावे दिली आहेत. चिमूट, मूठ, पसा आणि ओंजळ ही मापे स्वयंपाकघरात आणि खळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. त्यांपैकी चिमूट आणि मूठ यांचा जोर मोजण्याची उपकरणे आज प्रत्येक सुसज्ज रुग्णालयात आहेत. उघड्या, सपाट हाताची क्षमता मात्र अशा सहजपणे मोजली जात नाही. मोजली न जाणारी गोष्ट पुढे हिशेबातूनच कशी गळते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखिका शल्यचिकित्सेची अभ्यासक नाही. कोणती शस्त्रक्रिया करावी, हे ठरवणे हे तज्ज्ञ डॉक्टर आणि रुग्ण यांचे काम आहे. तथापि 'यश' म्हणजे काय, ते कोणत्या प्रश्नांनी तपासले जाते आणि ते प्रश्न कोणाच्या जीवनपद्धतीतून आले आहेत, हे प्रश्न सामाजिक शास्त्रांच्या कक्षेत निश्चितपणे येतात. त्या मर्यादेतच ही चिकित्सा केली आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) सांधा जखडण्याच्या शस्त्रक्रियेमागील तर्क समजून घेणे.
२) तिच्या दीर्घकालीन परिणामांच्या प्रमुख अभ्यासांचे परीक्षण करणे.
३) या अभ्यासांत वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलींची सांस्कृतिक पार्श्वभूमी तपासणे.
४) आपल्याकडील रुग्णांच्या संदर्भात या निष्कर्षांची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.

सांधा, आजार आणि शस्त्रक्रियेमागील तर्क :

मनगटातील ट्रॅपिझियम हे लहानसे हाड आणि तळहातातील अंगठ्याचे लांब हाड यांच्यामध्ये हा सांधा असतो. त्याची रचना एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या दोन खोगिरांसारखी असते. या रचनेमुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर हलतो आणि थोडासा वळतोही. हालचालीच्या या स्वातंत्र्याची किंमत सांध्याला मोजावी लागते. कूनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या गणितानुसार साध्या चिमटीत या सांध्यावर सरासरी १२ किलोग्रॅम इतका, तर जोरकस पकडीत १२० किलोग्रॅमपर्यंत दाब येऊ शकतो. बोटांच्या टोकाशी जो जोर क्षुल्लक वाटतो तो मुळाशी पोहोचेपर्यंत कितीतरी पटींनी वाढलेला असतो. वयोमानानुसार अस्थिबंध सैल होतात, कूर्चा झिजते आणि किल्ली फिरवणे, बरणीचे झाकण उघडणे, कपडा पिळणे यांसारख्या कृती वेदनादायी होतात.

या आजाराविषयी एक गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. क्ष-किरण चित्रातील झीज आणि रुग्णाला होणारी वेदना या दोन वेगळ्या बाबी आहेत. आर्मस्ट्राँग, हंटर आणि डेव्हिस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात १४३ रजोनिवृत्त स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांपैकी २५ टक्के स्त्रियांच्या क्ष-किरण चित्रात केवळ याच सांध्याची झीज आढळली. परंतु अशा स्त्रियांपैकी अवघ्या २८ टक्के स्त्रियांनी अंगठ्याच्या मुळाशी दुखत असल्याचे सांगितले. याचा अर्थ असा की चित्र पाहून आजार कळतो, पण त्रास कळत नाही. त्रास कळण्यासाठी विचारावे लागते. आणि विचारायचे म्हटले की काय विचारायचे, हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो.

शस्त्रक्रियेचे दोन मुख्य मार्ग एकाच वर्षी आणि एकाच नियतकालिकात पुढे आले, ही बाब उल्लेखनीय आहे. 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'च्या ब्रिटिश आवृत्तीत १९४९ मध्ये जर्व्हिस यांनी झिजलेले ट्रॅपिझियम हाड काढून टाकण्याची, तर म्यूलर यांनी सांधा जखडण्याची पद्धत मांडली. पहिल्या मार्गात दुखरे हाडच नाहीसे होते. अंगठा हलता राहतो, परंतु त्याचा पाया काहीसा खचतो. पुढे बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी १९८६ मध्ये मनगटाच्या स्नायुरज्जूचा उपयोग करून या रिकाम्या जागेला आधार देण्याची पद्धत मांडली व ती अत्यंत लोकप्रिय झाली. दुसऱ्या मार्गात सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग खरवडून, तारा, स्टेपल किंवा पट्टी व स्क्रू यांच्या साहाय्याने दोन हाडे एकमेकांत जुळू दिली जातात. हालचाल थांबते आणि हालचालीबरोबर वेदनाही थांबते, असा यामागील सरळ तर्क आहे. अंगठा अशा कोनात स्थिर केला जातो की मूठ वळल्यावर त्याचे टोक तर्जनीच्या मधल्या पेरावर टेकावे. म्हणजेच हा अंगठा कायमचा तळहाताच्या पुढे, पकडीच्या तयारीत उभा केलेला असतो. अंगठ्याचे पुढचे दोन सांधे हलते राहतात, त्यामुळे अंगठा संपूर्ण ताठ होत नाही. तथापि तो तळहाताच्या पातळीत मागे नेणे किंवा तळहातात पूर्णपणे मिटवून घेणे कठीण होते.

दीर्घकालीन पाठपुरावा काय सांगतो :

या शस्त्रक्रियेच्या दूरगामी परिणामांविषयी वारंवार उद्धृत होणारा अभ्यास रिझो, मोरान आणि शिन यांचा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील ११४ रुग्णांच्या १२६ अंगठ्यांचा हा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठपुराव्याचा सरासरी कालावधी ११.२ वर्षे इतका होता. हस्तशल्यचिकित्सेतील बरेच अभ्यास एक-दोन वर्षांवर थांबतात, हे लक्षात घेता या अभ्यासाचे मोल मोठे आहे. वेदनेत लक्षणीय घट, चिमटीच्या जोरात वाढ आणि हालचालीत घट असे त्याचे मुख्य निष्कर्ष आहेत. १७ अंगठ्यांमध्ये हाडे जुळून आली नाहीत. शेजारच्या सांध्यावर ताण येऊन तेथे झीज वाढल्याचे ३९ अंगठ्यांच्या क्ष-किरण चित्रांत दिसले. मात्र त्यांपैकी केवळ ८ अंगठ्यांमध्ये त्याचा प्रत्यक्ष त्रास होता.

या अभ्यासाचे श्रेय प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. एक सांधा जखडला की भार शेजारच्या सांध्यावर जाईल आणि काही वर्षांत तोही निकामी होईल, ही या शस्त्रक्रियेविषयीची मोठी शंका होती. ३९ आणि ८ या दोन आकड्यांनी त्या शंकेला पुष्कळसे उत्तर दिले. चित्रातील बदल आणि रुग्णाचा त्रास यांची गल्लत न करता दोन्ही वेगवेगळे नोंदवले, हा या अभ्यासाचा सर्वांत मोठा गुण होय.

तरीही काही मर्यादा दुर्लक्षिता येत नाहीत. हा अभ्यास मागे वळून केलेला आढावा आहे; त्यात तुलनेसाठी दुसरा गट नाही. एकाच नामांकित संस्थेतील अनुभवी शल्यचिकित्सकांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांचे हे फलित आहे. आणि मुख्य म्हणजे, हालचालीतील घट ही येथे एक मोजमाप म्हणून येते. त्या घटीमुळे रुग्णाच्या दिवसातून नेमके काय वजा झाले, याचे चित्र तिच्यातून उभे राहत नाही. अकरा वर्षे हा माणसाच्या आयुष्यातील मोठा काळ आहे. एवढ्या काळात माणूस कामे करण्याच्या नव्या रीती शोधतो, काही कामे दुसऱ्यावर सोपवतो आणि काही सोडून देतो. तक्रार नाहीशी होण्याची ही दोन अगदी भिन्न कारणे आहेत : त्रास संपणे आणि त्रासाची सवय होणे. दीर्घकालीन समाधानाचा आकडा या दोहोंत फरक करू शकत नाही.

तौलनिक अभ्यासांचा कौल :

हार्टिगन, स्टर्न आणि कीफहेबर यांनी २००१ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. साठ वर्षांखालील १०९ रुग्णांचे १४१ अंगठे त्यांनी अभ्यासले. वेदना, एकूण कार्य आणि समाधान यांत दोन्ही गटांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. सांधा जखडलेल्या गटात चिमटीचा जोर अधिक होता, तर ट्रॅपिझियम काढून स्नायुरज्जूचा आधार दिलेल्या गटात अंगठा समोर आणण्याची आणि हात सपाट करण्याची क्षमता चांगली होती. जखडलेल्या गटात गुंतागुंतही जास्त होती व तिचे मुख्य कारण हाडे न जुळणे हे होते.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने या अभ्यासातील एक तपशील कळीचा आहे. हात सपाट करता येतो की नाही, हे येथे तपासले गेले आणि त्यात फरकही आढळला. म्हणजेच या उणिवेची माहिती वैद्यकशास्त्राला नव्हती असे नाही. तरीही अंतिम निष्कर्षात दोन्ही पद्धती सारख्याच समाधानकारक ठरतात. एका बाजूला चिमटीचा अधिक जोर आणि दुसऱ्या बाजूला सपाट हात, अशी ही देवघेव आहे. या देवघेवीत दोन्ही पारडी समान ठरवणारा तराजू कोणाचा, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

नेदरलँड्समधील व्हर्म्यूलेन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी पुराव्याच्या दृष्टीने अधिक भक्कम आहे, कारण तीत कोणत्या रुग्णावर कोणती शस्त्रक्रिया करायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. चाळीस वर्षे व त्यावरील स्त्रिया हाच तिचा अभ्यासगट होता. ४३ रुग्णांनंतर ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. सांधा जखडलेल्या गटात मध्यम व गंभीर स्वरूपाची गुंतागुंत ७१ टक्के, तर दुसऱ्या गटात २९ टक्के होती. एका वर्षानंतरचे प्रश्नावलींचे गुण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. स्पेक्राईसे व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याच स्त्रियांचा पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. तेव्हाही गुणांत महत्त्वाचा फरक नव्हता. परंतु 'याच परिस्थितीत हीच शस्त्रक्रिया पुन्हा करून घ्याल का?' या प्रश्नाला ट्रॅपिझियम काढलेल्या स्त्रियांनी अधिक प्रमाणात होकार दिला.

या ठिकाणी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. गुण सारखे आणि होकार मात्र कमी-अधिक, याचा अर्थ काय? बरे होण्याच्या काळातील गुंतागुंतीच्या कटू आठवणी हे त्याचे एक कारण असू शकते. परंतु दुसरीही शक्यता नाकारता येत नाही. त्या स्त्रियांना असे काही जाणवत होते, जे प्रश्नावलीच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. एका साध्या, मोकळ्या प्रश्नाने जे उघड केले ते गुणांच्या बेरजेने झाकून ठेवले होते.

वाजोन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अद्ययावत केलेल्या कॉक्रेन समीक्षेचा कौलही येथे नोंदवला पाहिजे. ११ चाचण्या, ६७० रुग्ण आणि सात प्रकारच्या शस्त्रक्रिया यांचा विचार करून, वेदना व कार्य या बाबतींत कोणतीही एक पद्धत दुसरीपेक्षा श्रेष्ठ असल्याचे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष तीत काढला आहे. जेथे सर्व पर्याय आकडेवारीत समान ठरतात, तेथे निवड रुग्णाच्या गरजांवर सोपवली जाते. म्हणूनच गरजांची यादी कोणी व कशी तयार केली, याला निर्णायक महत्त्व येते.

मोजपट्टीची चिकित्सा :

या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली 'डॅश' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांची अकादमी आणि टोरांटो येथील एक संशोधन संस्था यांनी ती विकसित केली व १९९६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत ३० प्रश्न आहेत आणि ० ते १०० असे गुण दिले जातात. गुण जितके जास्त तितकी अक्षमता अधिक. घट्ट झाकणाची बरणी उघडणे, लिहिणे, किल्ली फिरवणे, जड दरवाजा ढकलणे, बिछाना आवरणे, बागकाम करणे, डोक्यावरचा दिवा बदलणे, स्वेटर घालणे, सुरीने अन्न कापणे अशा कृती तीत विचारल्या आहेत. मनोरंजनाच्या प्रश्नांत गोल्फ, टेनिस, फ्रिसबी आणि बॅडमिंटन यांची उदाहरणे आहेत.

या प्रश्नावलीतील दोन सूचना विशेष विचारार्ह आहेत. पहिली अशी की कृती कोणत्या हाताने केली याचा विचार न करता ती जमते की नाही एवढेच सांगावे. संपूर्ण शरीराची कार्यक्षमता मोजायची असेल तर ही सूचना योग्यच आहे. पण एका हाताच्या एका सांध्यावरील शस्त्रक्रियेचे फलित मोजताना तिचा परिणाम उलटा होतो. उजव्या हाताने जमेनासे झालेले काम डाव्या हाताने करणारी स्त्री या प्रश्नावलीत चांगले गुण मिळवते. दुसरी सूचना अशी की गेल्या आठवड्यात ती कृती करण्याची वेळ आली नसेल तर अंदाजाने उत्तर द्यावे. ज्या स्त्रीने आयुष्यात कधी टेनिस खेळलेले नाही, तिचा अंदाज हे कोणत्या वास्तवाचे मोजमाप मानायचे? शिवाय ३० पैकी किमान २७ प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय गुण काढता येत नाहीत. त्यामुळे 'हे मला लागू नाही' असे म्हणण्याची मुभा फार थोडी उरते.

मनगट व हात यांच्यासाठी असलेली 'पीआरडब्ल्यूएचई' ही १५ प्रश्नांची प्रश्नावली या बाबतीत अधिक नेमकी आहे. तिच्यातील काही प्रश्न स्पष्टपणे बाधित हाताविषयीच विचारतात. परंतु येथेही सुरीने मांस कापणे, खुर्चीवरून उठताना हाताचा आधार घेणे आणि स्वच्छतागृहात कागद वापरणे या कृती आहेत. हे प्रश्न चुकीचे आहेत असे मुळीच म्हणायचे नाही. ज्या समाजासाठी ते तयार झाले तेथे ते अत्यंत योग्य आहेत. खुर्चीच्या हाताला धरून उठणारा माणूस आणि जमिनीवर तळहात टेकून उठणारा माणूस यांच्या अंगठ्याला मात्र वेगवेगळे काम पडते, एवढेच येथे सुचवायचे आहे.

अशा प्रश्नावलींचे भारतीय भाषांत भाषांतर करताना 'सुरी'च्या जागी 'विळी' आणि 'टेनिस'च्या जागी एखादा देशी खेळ घालता येतो. ते उपयुक्तही असते. पण भाषांतराने शब्द बदलतात, यादीचा सांगाडा बदलत नाही. मूळ यादीत जी कृतीच नाही तिला भाषांतरात कोठून जागा मिळणार?

आपल्याकडील हात :

महाराष्ट्रातील एखाद्या ग्रामीण किंवा निमशहरी घरातील स्त्रीच्या हाताचा दिवस डोळ्यांसमोर आणला तर हा मुद्दा स्पष्ट होईल. भाकरी थापताना तळहात व बोटे पसरून पिठावर सपाट पडावी लागतात. अंगठा तळहातापुढे स्थिर उभा असेल तर तो प्रत्येक थापेला आड येईल. घर सारवताना, फरशी पुसताना, मांडी घालून बसल्यावर उठताना तळहात जमिनीला टेकावा लागतो. नमस्कारात दोन्ही तळहात एकमेकांना भिडावे लागतात. बांगड्या भरताना अंगठा तळहातात मिटवून हात निमुळता करावा लागतो. अरुंद जागेत हात घालणे अवघड होते ही सांधा जखडलेल्या रुग्णांची परिचित तक्रार आहे. पाश्चात्त्य रुग्णाच्या बाबतीत ती हातमोजा आणि खिसा यांपुरती राहते. आपल्याकडे बांगडी हा केवळ अलंकार नसून तिला सामाजिक अर्थ आहे. त्यामुळे तीच शारीरिक अडचण येथे वेगळे रूप घेऊ शकते. हे सर्व शस्त्रक्रियेनंतरच्या अंगठ्याच्या स्थितीवरून काढलेले तर्क आहेत, प्रत्यक्ष पाहणीचे निष्कर्ष नव्हेत. परंतु पाहणी कशाची करावी, हे अशा तर्कांनीच ठरते.

याच्या उलट बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. खुरपे धरून निंदणी करणारी, विळ्याने कापणी करणारी किंवा ओले जड कपडे पिळणारी स्त्री घ्यावी. तिला जोरकस व स्थिर अंगठा हवा असतो. तिच्या बाबतीत जखडलेला सांधा कदाचित वरदान ठरेल. कापूस वेचणारी किंवा सोलापुरात विड्या वळणारी स्त्री घेतली तर चित्र पुन्हा बदलते. तिच्या कामात जोरापेक्षा चिमटीची चपळाई महत्त्वाची असते. आणि यांपैकी बहुतेक स्त्रिया घरी येऊन भाकरीही थापतात. म्हणजे एकाच हाताच्या दोन परस्परविरोधी गरजा असतात. कोणती गरज आधी, हे तिलाच विचारावे लागेल.

'श्रमिक' कोण? :

पाठ्यपुस्तकांतून परंपरेने असे सांगितले जाते की सांधा जखडण्याची शस्त्रक्रिया तरुण, कष्टाची कामे करणाऱ्या रुग्णांसाठी योग्य आणि हाड काढण्याची शस्त्रक्रिया वयस्क, हातावर कमी भार असणाऱ्या रुग्णांसाठी योग्य. या विभागणीमागे जैवयांत्रिक तर्क आहे, यात शंका नाही. परंतु 'कष्टाची कामे' या शब्दांनी सुतार, गवंडी, यंत्रकामगार असा पुरुष डोळ्यांसमोर येतो. आजार मात्र प्रामुख्याने स्त्रियांना होतो. रुग्णाच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' असे लिहिले की तिच्या हाताची मागणी कमी धरली जाण्याची शक्यता असते. दिवसातून दोन वेळा दहा माणसांचा स्वयंपाक, धुणे, जनावरांचे शेण काढणे आणि हंगामात शेतमजुरी ही कामे त्या एका शब्दात दिसेनाशी होतात. स्त्रियांच्या घरगुती श्रमांची गणना जनगणनेत आणि अर्थशास्त्रात कशी वगळली गेली, यावर सामाजिक शास्त्रांनी पुष्कळ लिहिले आहे. तीच वगळणूक हाताच्या शस्त्रक्रियेच्या निवडीपर्यंत येऊन पोहोचते, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते.

संभाव्य आक्षेप :

या प्रतिपादनावर तीन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की अनुभवी शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाशी या सर्व बाबी बोलतोच. काही डॉक्टर तर आधारपट्टा बांधून जखडलेल्या अंगठ्याचा अनुभव आधी घ्यायला लावतात. ही पद्धत खरोखर स्तुत्य आहे. परंतु व्यक्तिगत संवाद कितीही चांगला असला तरी तो आकडेवारीत उतरत नाही, आणि पुढच्या पिढीचे डॉक्टर आकडेवारी वाचून शिकतात. दुसरा आक्षेप असा की वेदनेपुढे बाकी सर्व गोष्टी गौण आहेत. रात्रीची झोप उडवणाऱ्या वेदनेतून सुटका होत असेल तर बांगड्यांची चर्चा कोणी करावी? हा आक्षेप वजनदार आहे. तथापि उपलब्ध अभ्यासांनुसार दोन्ही मार्गांनी वेदना जवळपास सारख्याच प्रमाणात कमी होत असेल, तर निवडीच्या वेळी उरलेल्या गोष्टींनाच महत्त्व येते. तिसरा आक्षेप असा की ट्रॅपिझियम काढण्यातही तोटे आहेत. तेही खरे आहे. जोर परत येण्यास बरेच महिने लागतात आणि अंगठ्याचा पाया खचतो. प्रस्तुत लेख एका शस्त्रक्रियेची बाजू घेऊन दुसरीला दूषण देत नाही. जखडलेला सांधा पुढे त्रासदायक ठरला तर ट्रॅपिझियम काढण्याचा मार्ग उरतो; पण मूळचा सांधा कोणालाच परत मिळत नाही. अशा निर्णयाआधी हिशेब पूर्ण असावा, एवढीच अपेक्षा आहे.

काही सूचना :

१) शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या रोजच्या हातकामांची यादी तिच्याच शब्दांत नोंदवावी. 'गृहिणी' या एका शब्दावर थांबू नये.
२) तळहात सपाट टेकणे आणि अंगठा तळहातात मिटवणे या दोन क्षमता शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर नियमितपणे तपासाव्यात. त्यासाठी एक टेबल आणि एक छायाचित्र पुरेसे आहे.
३) काम कोणत्या हाताने केले, पद्धत बदलली का, ते काम सोडून दिले का, हे तीन प्रश्न प्रत्येक पाठपुराव्यात विचारावेत.
४) 'हीच शस्त्रक्रिया पुन्हा करून घ्याल का?' हा प्रश्न गुणांच्या बेरजेइतकाच महत्त्वाचा मानावा आणि उत्तरामागील कारणही नोंदवावे.
५) गृहविज्ञान, समाजशास्त्र, भाषा आणि भौतिकोपचार या विभागांनी एकत्र येऊन मराठी भाषक स्त्री-पुरुषांच्या हातकामांची सूची तयार करावी. महाविद्यालयीन पातळीवर सहज होऊ शकणारे हे काम आहे. विदर्भातील कापूस वेचणी, कोकणातील भातलावणी आणि पश्चिम महाराष्ट्रातील ऊसतोड यांतील हाताच्या हालचाली त्या त्या भागातील विद्यार्थ्यांना घरातूनच परिचित असतात.

निष्कर्ष :

अंगठ्याच्या मुळाचा सांधा जखडण्याच्या शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन अभ्यास असे दाखवतात की वेदना कमी होते, चिमटीचा जोर वाढतो आणि शेजारच्या सांध्यावरील परिणाम भीती होती तितका त्रासदायक ठरत नाही. हे निष्कर्ष विश्वासार्ह आहेत आणि त्यांचा आदर केला पाहिजे. मात्र याच अभ्यासांनी हालचालीतील घट आणि सपाट हाताची हानी नोंदवलेली आहे, आणि गुण समान असतानाही स्त्रियांनी दिलेली वेगळी उत्तरेही नोंदवलेली आहेत. या नोंदींना यशाच्या व्याख्येत स्थान मिळालेले नाही, ही त्यांची उणीव आहे. टेबल-खुर्चीच्या जगात ती उणीव लहान राहते. जमिनीवर बसून काम करणाऱ्या जगात ती मोठी होते.

परदेशी संशोधन नाकारून हा प्रश्न सुटणार नाही. त्या संशोधनाने जी शिस्त घालून दिली आहे, म्हणजे वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे, अपयशही प्रामाणिकपणे मोजणे आणि चित्र व त्रास यांत फरक करणे, तिचा स्वीकार करूनच आपल्या प्रश्नांची यादी आपण तयार केली पाहिजे. तोपर्यंत एखाद्या स्त्रीला तिच्या उजव्या अंगठ्याविषयी निर्णय घ्यायचा असेल, तेव्हा टक्केवारी सांगण्यापूर्वी तिला एवढे तरी विचारावे की उद्या सकाळी या हाताने तिला काय काय करायचे आहे.